अकरावा फर्मा

सायकलच्या कॅरियरला पुस्तकं बांधताना गाठ मारायची असते. मी फास दिला होता. फास सोडायला सोपा पडतो म्हणून दिला आणि तो सोपेपणानेच सुटला, टपाल कचेरीच्या वळणावर, भर वाऱ्यात. मागे वळून पाहिलं तर दोन कादंबऱ्यांचे पुठ्ठे एकीकडे, पोटं दुसरीकडे आणि शेपट्या तिसरीकडेच. एक बाई छत्रीच्या टोकाने पानांचा एक गठ्ठा दाबून धरून उभी होती.

"तुमचंच ना?" तिने विचारलं.

"लेखकाचं," मी म्हणालो.

नको त्या वेळी विनोद सुचणं हा माझा जन्मजात दोष. बाई हसली नाही. छत्री उचलून निघून गेली.

वाचनालयात मदतनीस म्हणून लागून मला तेव्हा सात महिने झाले होते. वाचनालय म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक लांब टेबल, चौदा कपाटं आणि ग्रंथपाल बाई. बाईंचं लक्ष चौदाही कपाटांवर एकाच वेळी असायचं. महिन्यातून एकदा फाटकी पुस्तकं बाइंडरकाकांकडे पोचवायची, हे माझं काम. त्या दिवशीच्या गठ्ठ्यात या दोन कादंबऱ्या सगळ्यांत जर्जर होत्या. दोन्ही एकाच छापखान्यातल्या, एकाच मापाच्या, एकाच टायपातल्या, एकशे शहात्तर पानांच्या.

इथे फर्मा म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर आहे. एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून, घड्या घालून त्याची सोळा पानं करतात, तो एक फर्मा. असे अकरा फर्मे एकावर एक शिवले की एकशे शहात्तर पानांची कादंबरी होते. या दोन्ही कादंबऱ्यांचे दहा-दहा फर्मे दोऱ्याच्या जुन्या सवयीवर टिकून होते. अकरावा मात्र दोन्हींचा सुटला होता.

मी किल्लीवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून सगळं जमवलं. अकरावा फर्मा दोन्हीकडे एकशे एकसष्टाव्या पानापासून सुरू होत होता, तोही नव्या प्रकरणाने. मी एक इकडे लावला, एक तिकडे लावला. कुठला कुठे, ते बघायला दोन ओळी वाचाव्या लागल्या असत्या. मी वाचल्या नाहीत. या वेळी गाठ मारली आणि निघालो.

काकांचं दुकान त्याच रांगेत, जिन्याखाली होतं. आत शिरताना मान खाली घालावी लागे. भिंतीला पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, कोपऱ्यात खळीचं पातेलं, खिळ्याला मेण लावलेल्या दोऱ्याच्या लडी आणि या सगळ्याच्या मधोमध एका पाटावर काका. मी गठ्ठा ठेवला. त्यांनी पुस्तकांवरून हात फिरवला आणि विचारलं, "पानं तपासलीस?"

एरवी त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. तपासणं त्यांचं काम.

"तपासली," मी म्हणालो.

"मग सुई ओवून दे जरा."

"का काका, सुईचं भोक बारीक झालं का?"

"हो रे. हल्ली सगळीच भोकं बारीक करतात," काका म्हणाले. मी हसलो, सुई ओवली आणि शीळ घालत परत आलो.

काका तेराव्या वर्षी एका छापखान्यात खळ ढवळायला लागले. तेव्हापासून त्रेचाळीस वर्षं कागद, दोरा आणि पुठ्ठा. एके काळी कचेऱ्यांच्या वह्या, शाळांचे हजेरीपट, दुकानांचे लांबोडके चोपडे हे सगळं त्यांच्याकडे यायचं. मग कचेऱ्यांत कॉम्प्युटर आले. शेवटी उरलं आमचं वाचनालय, दोन वकील आणि वर्षातून एकदा कुणीतरी म्हातारा, जुनी वही जपायला.

वाचनाची लागण त्यांना कामातूनच झाली. फर्मे ओळीने लागलेत का, ते बघायला एका फर्म्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ वाचून जोडावी लागते. पोरवयात त्यांनी अशा शेकडो पुस्तकांचे नुसते सांधे वाचले. 'तिने दार उघडलं आणि' ही इथे, 'तो मेलेला होता' ही तिथे. एक दिवस त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी मधलंही वाचलं. तेव्हापासून नियमच झाला की, शिवलेलं पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय दुकानाबाहेर जायचं नाही. त्यामुळे पुस्तकं कधीही वेळेवर मिळत नसत.

"काका, पुस्तकं शिवायला दिलीत, वाचायला नाही," बाई कुरकुरायच्या.

"बाई, न वाचता शिवलं तर पुस्तक आणि पोतं यांत फरक काय?"

आणखी एक प्रथा त्यांनी आपणहून पाडली होती. शिवलेल्या पुस्तकाच्या मागे, अस्तराच्या आत, ते एक रेघांचा कागद चिकटवून देत. वाचणाऱ्याने आपलं मत तिथे एका ओळीत लिहायचं. पहिली ओळ काकांची, कारण नव्याने उभ्या राहिलेल्या पुस्तकाचे पहिले वाचक तेच. आमचे सभासद पुस्तक घेताना आधी मागचं पान उलटून काकांची ओळ बघत. काही ओळी मला अजून पाठ आहेत. 'नायिकेने पहिल्याच प्रकरणात निघून जायला हवं होतं. कागद चांगला.' 'खुनी कोण ते दोनदा वाचूनही पटलं नाही.' 'शेवट घाईत. लेखकाकडे पाहुणे आले असावेत.' एका जाडजूड आत्मचरित्रामागे त्यांनी नुसतं लिहिलं होतं, 'यांची बायको काय म्हणते?' त्याच्याखाली सतरा जणांनी 'सहमत' लिहिलं होतं.

त्या दोन कादंबऱ्या मात्र तीन दिवसांत तयार झाल्या. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मला चहा पाजला. मागच्या पानांवर एकीत काकांची ओळ होती, 'शेवट योग्य. सगळं जागच्या जागी.' दुसरीत, 'वाचावी.'

"काका आता थोडक्यात लिहायला शिकले," बाई म्हणाल्या.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लांब टेबलाभोवती आमची बैठक भरे. महिनाभर एकच पुस्तक हातोहात फिरायचं आणि शनिवारी त्यावर मतं. मतं देणारे नेहमीचेच. एक औषधवाले. त्यांना प्रत्येक पात्राला कुठला आजार आहे ते लगेच कळायचं. एक नर्सताई, ड्यूटी संपवून थेट यायच्या, चपला काढून टेबलाखाली पाय ताणायच्या. आणि कोर्टात चाळीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले हरकतकाका. त्यांचं खरं नाव त्यांच्या घरच्यांनाही आठवत असेल की नाही देव जाणे. त्यांचं प्रत्येक वाक्य 'हरकत आहे' असं सुरू व्हायचं. बाइंडरकाका दाराजवळच्या स्टुलावर बसत, सगळ्यांचं ऐकत आणि शेवटी एक वाक्य बोलत. त्या वाक्यासाठी आम्ही थांबायचो.

त्या महिन्यात भावांची कादंबरी होती. दोन भाऊ, बापाने मागे ठेवलेली एक पिठाची गिरणी. तिच्यावरून भांडण. गिरणीला दोघांची दोन कुलपं आणि मधे वीस वर्षांचा अबोला. ती लिहिली त्या काळी पात्रांना नावं न देण्याची फॅशन होती म्हणे, त्यामुळे एक थोरला आणि एक धाकटा एवढंच. एकशे साठाव्या पानावर धाकटा पहाटे किल्ली घेऊन गिरणीकडे निघतो. आणि पुढच्या पानावर एक बाई स्टेशनवर पोचते, तिची गाडी सुटलेली असते, ती सोळा पानं फलाटावर बसून एका ट्रंकेकडे बघते. संपली कादंबरी.

"हरकत आहे," हरकतकाका उभे राहिले. "एकशे साठ पानं ज्या गिरणीसाठी भांडले, ती गिरणी गेली कुठे? आणि ही बाई कोण? पुराव्यात तिचा उल्लेखच नाही."

"धाकट्याची बायको असणार," औषधवाले म्हणाले. "हृदयाचा त्रास दिसतो तिला. बसून राहते बघा."

"मला तर रडूच आलं," नर्सताई म्हणाल्या. "कुणीच आलं नाही हो तिला न्यायला. तुम्हाला गिरणीचं काय पडलंय?"

मग मी उठलो. मी ती कादंबरी चाळीस पानांपर्यंत वाचली होती, पण लहान गावच्या कॉलेजात वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस मिळवलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. मी म्हणालो, लेखकाने गिरणी मुद्दाम गाळली आहे. जे हरवलं ते दाखवायचंच नसतं. ती बाई म्हणजे त्या दोघांचा अबोला आहे, आणि ट्रंक म्हणजे बाप. औषधवाल्यांनी "वा!" म्हटलं. बाईंनीही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुमचं काय मत?" नर्सताईंनी दाराकडे वळून विचारलं.

"लिहिलंय की मागे," काका म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

"ट्रंक म्हणजे बाप," हरकतकाका पुटपुटले. "अपिलात जाईन मी."

अपिलाची सुनावणी पुढच्याच महिन्याच्या बैठकीत झाली. मधल्या काळात दुसरी कादंबरी फिरायला लागली, लॉज चालवणाऱ्या एका एकट्या बाईची. तिच्याकडे कुणी गिऱ्हाईक ट्रंक ठेवून गेलेलं असतं. त्या शनिवारी हरकतकाका सगळ्यांच्या आधी आले होते. सगळे बसेपर्यंत थांबले. मग पुस्तक दोन्ही हातांनी उंच धरून म्हणाले, "हरकत मागे घेतो. गिरणी सापडली!"

आणि त्यांनी एकशे एकसष्टावं पान मोठ्याने वाचलं. "धाकट्याने किल्ली फिरवली, तेव्हा पलीकडच्या कुलपातही किल्ली फिरत होती."

बाईंनी त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं. कपाटातून भावांची कादंबरी आणली. दोन्ही शेजारी उघडी ठेवली. औषधवाले एकदा हसले आणि लगेच गप्प झाले. माझ्या डोळ्यांसमोर छत्रीचं टोक आलं.

"काका," बाई म्हणाल्या, "हे कसं झालं हो?"

काका उठून टेबलाशी आले. त्यांनी एक पुस्तक उचलून अगदी नाकाजवळ धरलं, मग दूर नेलं, मग पुन्हा जवळ. आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी ते खाली ठेवलं, नेमकं टेबलाच्या काठावर. नर्सताईंनी पटकन हात घालून ते पडता पडता धरलं.

"माझ्या हातून झालं," ते म्हणाले. "दोन्ही द्या. नीट करून देतो."

मी तिथेच होतो. हातभर अंतरावर. माझी जीभ, जिला ट्रंकेत बाप दिसला होता, ती टाळूला चिकटून बसली.

पुढच्या आठवड्यात समितीने ठरवलं की बाइंडिंग आता मोठ्या शहरातल्या एका कारखान्याला द्यायचं. तिथे मशीनने सरस लावतात, दोरा नाही, वाचन तर नाहीच. बाईंनी बाजू मांडली म्हणतात. पण काकांनी स्वतःच 'माझ्या हातून झालं' म्हटल्यावर त्यांना मांडायला फारसं काही उरलं नव्हतं. काका बैठकीला यायचे बंद झाले. दाराजवळचं स्टूल आम्ही वरच्या कप्प्यातली पुस्तकं काढायला वापरू लागलो.

मला काकांकडे जायला एकवीस दिवस लागले. रोज निघायचो आणि रोज किल्लीवाल्यापर्यंत जाऊन परतायचो. तो शेवटी म्हणाला, "भाऊ, किल्ली करायची असेल तर करा, नाहीतर उगाच कुलपं बघत हिंडू नका, लोक नावं ठेवतील."

दुपारचे तीन वाजले असतील. काका पाटावर बसून त्याच दोन कादंबऱ्या उसवत होते. काकू कोपऱ्यात जुने पुठ्ठे लावून ठेवत होत्या. मी वाकून आत गेलो आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं.

"काका, ती पानं माझ्याकडून बदलली. रस्त्यात पडली होती. मी तपासली नव्हती."

काकांनी हातातला दोरा ओढून काढला. "माहीत आहे," ते म्हणाले.

"कसं?"

"शेवटच्या फर्म्यांच्या कडांना कचकच होती. रस्त्यावर पडलेला कागद बोटांना कळतो."

"मग मला विचारलं का नाही?"

"विचारलं होतं की. 'पानं तपासलीस?' म्हणून."

मी बसलो. काकूंनी माझ्यापुढे पाण्याचं भांडं सरकवलं.

"पण त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही अंगावर कशाला घेतलंत? माझं नाव सांगायचं."

"आणि मग त्यांनी विचारलं असतं, 'काका, तुम्ही वाचताना तुम्हाला कळलं कसं नाही?' त्याला काय उत्तर देणार होतो? वाचलंच नव्हतं मी." त्यांनी उसवलेला फर्मा मांडीवर ठेवून हाताने सपाट केला. "पहिला फर्मासुद्धा नाही. नुसती अक्षरांची पांढरी राख दिसत होती. आणि मागे लिहून मोकळा झालो, शेवट योग्य, सगळं जागच्या जागी. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. तू पानं बदललीस प्राध्यापक, तो पोरकटपणा झाला. त्या ओळीचा दोष द्यायला मला दुसरा कोण सापडणार?"

'प्राध्यापक' हे त्यांनी मला त्या ट्रंकेच्या भाषणानंतर दिलेलं नाव.

"शुगर डोळ्यांत उतरलीय," काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, पडदा गेला, परत येणार नाही. दोन महिने झाले, यांना माझं तोंड दिसत नाही. म्हणतात, पूर्वीपेक्षा बरी दिसतेस."

"खोटं नाही बोललो," काका म्हणाले.

काकू हसल्या आणि पदर डोळ्यांना लावत पुठ्ठ्यांकडे वळल्या.

मी म्हणालो, मी बैठकीत सगळं सांगतो. काकांनी मान हलवली. "सांग. तुझं तू सांग. माझी ओळ पुसायला जाऊ नकोस, ती मीच कापून काढलीय." त्यांनी दोन्ही पुस्तकांची मागची पानं दाखवली. दोन्हींत नवा रेघांचा कागद लागला होता, कोरा. रेघा किंचित तिरक्या होत्या. "आता भावांची कादंबरी पूर्ण ऐकल्याशिवाय यावर लिहायचं नाही. वाचून दाखवशील?"

मी बैठकीत सांगितलं. औषधवाले म्हणाले, "म्हणजे आम्हाला आवडला तो शेवट तुझा होता तर!" आणि पाठीवर थाप मारली. नर्सताई मात्र भडकल्या. "मी मग रडले कुणासाठी? आणि त्या माणसाला तू तीन आठवडे तसंच बसू दिलंस?" हरकतकाकांनी हरकत घेतली नाही. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, तेच जास्त लागलं. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून चौदा कपाटांची धूळ माझ्याकडे दिली आणि ती अजून माझ्याकडेच आहे. कारखान्याशी बोलणं पक्कं झालं होतं, ते काही फिरलं नाही.

वाचनालय दुपारी बंद असायचं. मी रोज तीन वाजता काकांकडे जायला लागलो. दिवसाला एक फर्मा, हा त्यांचा नियम. काका हाताला चाळा म्हणून रद्दी कागदांना हाडाच्या पट्टीने घड्या घालत बसायचे, काकू समोर. मी आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक ओळ न गाळता वाचत होतो. चाळिसाव्या पानाच्या पुढेही कादंबऱ्या चालू असतात, हे मला तिथे कळलं.

वाचन चालू असताना काका मधे बोलत नसत. फर्मा संपला की मतं.

"थोरल्याचं बरोबर आहे," चौथ्या फर्म्याला ते म्हणाले. "गिरणी त्याने चालवली, पीठ त्याच्या नाकात गेलं."

"थोरल्यांचं तुम्हाला नेहमीच बरोबर वाटतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही थोरले ना! धाकट्याला कुणी कधी विचारलं का, तुला काय हवंय म्हणून?"

"मग त्याने बोलावं."

"तुम्ही बोललात का, डोळे गेले ते? मला भाजीत मीठ दोनदा पडलं तेव्हा कळलं."

काका घडी घालायचे थांबले. मग म्हणाले, "चार फर्म्यांत धाकटा सहा वेळा दाराशी येऊन परत गेलाय. मोजलंय मी."

"मी एकवीस वेळा," मी म्हणालो.

"तुझं किल्लीवाल्याने सांगितलं होतं," काका म्हणाले.

सातव्या फर्म्यात थोरला आजारी पडतो आणि धाकटा भिंतीपलीकडून त्याचा खोकला मोजतो. त्या दिवशी मत कुणीच दिलं नाही. उठताना मी पाहिलं, काकांच्या घड्या पूर्वी काठाला काठ लागायच्या, आता एक काठ बाहेर येत होता. ते बोटाने तो काठ तपासत होते आणि कागद टोपलीत टाकत होते. टोपली भरली होती.

दहावा फर्मा संपला. धाकटा पहाटे किल्ली घेऊन निघाला. मी पान उलटणार तोच काकांनी चाचपडत पुस्तकावर हात ठेवला.

"दिवसाला एकच."

"काका, सोळाच पानं आहेत. आज संपवू. उद्या मला परीक्षेला परगावी जायचंय, दोन दिवस."

"मग आल्यावर. घाईचा शेवट मला चालत नाही, ठाऊक आहे ना?" ते हसले. "सोळा पानं तुझ्याकडे उसनी राहिली, प्राध्यापक. आणि पुढे डोकावायचं नाही. त्या दिवशी एक ओळ ऐकलीय तेवढी पुरे. शेवट तिघांनी एकदम ऐकायचा."

"नाही डोकावणार."

"तपासलीस म्हणाला होतास, तसं नको."

"नाही काका. शपथ."

परीक्षा दोन दिवसांची होती. ती नोकरीसाठी होती आणि ती मला मिळाली नाही, हे जाता जाता सांगतो. तिथे एक जुना मित्र भेटला. राहा रे म्हणाला, राहिलो. दोन दिवस निव्वळ गप्पा हाणल्या, मला भावांच्या कादंबरीवर दहा फर्मे बोलता येत होतं आणि मित्र ऐकत होता. पाचव्या दिवशी तीन वाजता मी जिन्याखाली पोचलो. दाराला कुलूप होतं. फटीतून आत पाहिलं, तर शिकंजा नव्हता, भिंतीवर त्याच्या आकाराचा उजळ चौकोन होता.

"जावई टेम्पो घेऊन आले होते," किल्लीवाला म्हणाला. "काकांचा पाय घसरला, या पायरीवरच. लेक म्हणाली, आता एकटं ठेवायचं नाही. काल सकाळी नेलं. संध्याकाळपर्यंत थांबू या म्हणत होते काका. कुणाची वाट बघत होते कोण जाणे." त्याने काउंटरखालून एक कापडात बांधलेलं पुस्तक काढलं. "हे तुमच्यासाठी. गाठ बघा, मला सुटली नाही."

मलाही ती सुटेना. दातांनी सोडावी लागली.

भावांची कादंबरी आता वाचनालयात चौथ्या कपाटात आहे. शिवण पक्की आहे, अकरावा फर्मा आपल्या जागी आहे. पुस्तक पुष्कळ फिरतं. मागच्या पानावर सभासदांनी मतं लिहिलीत, पण सगळ्यांनी दुसऱ्या रेघेपासून. पहिली रेघ सोडायची, असं कुणी ठरवलेलं नाही. पहिल्यांदा नर्सताईंनी सोडली, मग सगळेच सोडायला लागले. कारखान्यातून येणारी पुस्तकं वेळेवर येतात. त्यांच्या मागे कागद नसतो. उघडली की चरचरतात आणि काही महिन्यांतच पानं सांडतात.

काकूंचा वाचनालयात फोन येतो, महिन्यातून एखादा. मागच्या वेळी म्हणाल्या, "आता उजेड कुठल्या बाजूला आहे तेही विचारतात रे. दिवसभर रद्दीच्या घड्या घालतात. लेक म्हणाली, मी मागवते पुस्तक, मी वाचते. तर म्हणे नको, ते त्याच्याकडे बाकी आहे."

"मी फोनवर वाचू का, काकू?"

मागे काहीतरी बोलणं झालं. मग काकू म्हणाल्या, "फोनवर नको म्हणतात. तिघांनी एकदम, असं ठरलंय म्हणतात. कधी येतोस?"

"पुढच्या महिन्यात येतो."

लेकीच्या गावी पोचायला गाडीने नऊ तास लागतात. रजा मागायला बाईंसमोर उभं राहावं लागतं. अशी कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत, आणि असे 'पुढचे महिने'ही आतापर्यंत पाच झालेत.

शपथ तेवढी पाळली आहे. हरकतकाका मला गाठून सांगायला बघतात, "अरे, गिरणीत आत गेल्यावर ते दोघं..." आणि मी कानांवर हात ठेवून जिना उतरतो. मागच्या शनिवारी औषधवाल्यांनी ती कादंबरी पुन्हा बैठकीत घेतली. एकेकजण बोलत गेला आणि पाळी माझ्यापर्यंत आली. सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पूर्वी दाराजवळच्या स्टुलाकडे पाहायचे तसं.

"माझी सोळा पानं राहिली आहेत," मी म्हणालो. "पुढचे बोला."